इंदूरमध्ये वकिली: बारावीनंतर ५ वर्षे की पदवीनंतर ३?

वेळेचा हिशेब सरळ आहे: बीए-एलएलबीला ५ वर्षे, बीकॉम करून एलएलबीला ३ + ३. वाचतं ते एकच वर्ष. त्यामुळे निर्णय त्यावर घेऊ नका, प्रवेशाच्या वाटेवर घ्या.

बारावीनंतर भोपाळचं एनएलआययू (राष्ट्रीय विधी विद्यापीठ) हवं असेल तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा: १२० प्रश्न, २ तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. खुल्या गटाला अर्जाचेच ४,००० रुपये. घरी राहून शिकायचं तर इंदूरच्याच देवी अहिल्या विद्यापीठाचा बीए-एलएलबी सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून मिळतो. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वाचतो, आणि बहुतेक घरांत खरा फरक तिथेच पडतो.

३ वर्षांच्या एलएलबीला पदवीत खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के लागतात. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी बार कौन्सिल (वकिलीचे नियम ठरवणारी संस्था) धरत नाही. शिवाय नोकरी सांभाळून शिकणारे हजेरीत अडकतात: नियमानुसार प्रत्येक विषयात ७० टक्के हवी.

पुढे दोघांची वाट एकच. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची नोंदणी (सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालानुसार खुल्या गटाला कमाल ७५० रुपये), मग एआयबीई ही बार कौन्सिलची परीक्षा. दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५च्या निकालाने आधी ३ वर्षे वकिली सक्तीची केली आहे, म्हणजे तोवर घरखर्चाची सोय लागेल. इथे बीकॉमवाल्याचं पारडं जड: जीएसटीची कामं त्याला लवकर मिळतात.

जिल्हा न्यायालयात हिंदी लागते, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात मुख्यतः इंग्रजी. मराठी घरातल्या मुलांनी हिंदी मसुदालेखन पहिल्याच वर्षापासून घोटावं.