नडगी दुखतेय: पळायचं, थांबायचं की ऑपरेशन करायचं?

पोलीस भरतीची १६०० मीटर असो की जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन, सराव एकदम वाढवला की नडगी कुरकुरते. ग्राउंडवरचं निदान ठरलेलं: "शिन स्प्लिंट आहे, बर्फ लाव." शिन स्प्लिंट म्हणजे जास्त पळण्याच्या ताणाने नडगीच्या हाडाची कड दुखणं. बहुतेकदा हे निदान बरोबरही असतं. पण तशाच दुखणाऱ्या आणखी दोन गोष्टींत हा सल्ला महागात पडतो.

आधी अंगठा वापरा. नडगीच्या आतल्या कडेवर घोट्यापासून वर दाबत जा. पाचेक सेंटिमीटर किंवा जास्त लांबीची पट्टी दुखली, तर शिन स्प्लिंट. हे सुरुवातीला दुखतं, अंग गरम झालं की बरंचसं दबतं. रुपयाएवढ्या जागी दाबताच कळ मस्तकात गेली, तर हाडात चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असल्याचा संशय घ्या. ही कळ पळताना वाढतच जाते, पुढे चालताना आणि रात्रीही ठणकते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत चीर बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल' म्हणून बूट चढवू नका. एमआरआयचा खर्च इथे करावा. पट्टीवाल्या दुखण्यात लगेच गरज नसते. नडगीच्या पुढच्या बाजूची चीर सर्वांत हट्टी, कधी रॉड घालावा लागतो. मुलींनी पाळी चुकत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. कमी खाणं, चुकणारी पाळी आणि ठिसूळ हाडं यांचं नातं जुनं आहे.

तिसरं दुखणं चकवतं. दरवेळी ठरावीक अंतरावर नडगीच्या बाहेरचे स्नायू दगडासारखे टणक होतात, पाऊल बधीर पडतं. थांबलात की थोड्या वेळात सगळं ठीक. ओपीडीत तपासायला काहीच उरत नाही! महिनाभर आराम केला तरी पळताक्षणी परत तेच. हा कंपार्टमेंट सिंड्रोम: पळताना स्नायू फुगतो, पण त्याभोवतीचं घट्ट आवरण पुरेसं ताणत नाही, म्हणून आत दाब वाढतो. पळण्याआधी आणि नंतर सुई घालून स्नायूतला दाब मोजतात. थांबल्यावर एका मिनिटाने तो ३० मिमी पाऱ्याहून जास्त असेल तर निदानाला बळ मिळतं. आधी टाचेऐवजी पुढच्या पावलावर उतरून पळायला शिकावं. त्याने भागलं नाही तर ते आवरण कापायचं ऑपरेशन. दाब न मोजता कुणी थेट ऑपरेशन सुचवलं, तर माझ्या मते दुसरं मत घ्याच. कळ पोटरीत असेल तर गुडघ्यामागची धमनी दबतेय का, हेही बघायला सांगा.

भरती तोंडावर असताना पट्टी दुखत असेल, तर धाव निम्म्यावर आणा, सायकल मारा, पोटरीचे व्यायाम करा. एकाच जागी दुखत असेल तर धावणं बंद. सहा-आठ आठवडे जातातच. एकच पोटरी सुजून बसल्या जागी दुखत असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.