क्वालिटी ऑफ अर्निंग्ज रिपोर्ट: प्लंबिंग-एसीचा चालू धंदा घेण्याआधी पैसे मोजावेत का?

प्लंबिंग, एसी दुरुस्ती, पेस्ट कंट्रोल असा घरपोच सेवेचा छोटा धंदा विकत घेताना बाहेरच्या हिशेबतज्ज्ञाकडून ही तपासणी करून घेतात. हे ऑडिट नाही. विकणारा सांगतोय तो नफा खरा आहे का आणि मालक बदलल्यावर टिकेल का, एवढंच ती बघते. किंमत नफ्याच्या तिप्पट ठरली असेल, तर नफ्यात फुगवलेली एक पै तीन पैंना पडते. त्यामुळे आमचं मत: घ्यावा, पण कामाची व्याप्ती स्वतः लिहून द्यावी.

रिपोर्टमधला सगळ्यात भरवशाचा भाग म्हणजे बँकेचा ताळा. 24 ते 36 महिन्यांची स्टेटमेंट घेऊन जमा रकमांतून कर्ज, मालकाने घातलेले पैसे आणि एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेल्या रकमा वजा करतात. उरलेलं वहीतल्या विक्रीशी जुळायला हवं. हा टप्पा आधी करून घ्या आणि ताळा जमला नाही तर पुढचं काम थांबेल, अशी अट करारात घाला. पुढची फी वाचते.

‘अॅड-बॅक’च्या, म्हणजे काही खर्च नफ्यात परत मिळवल्याच्या पानांवर मात्र डोळ्यांत तेल घालून बसा. मालकाचा पगार, घरची गाडी, एकदाच आलेला वकिलाचा खर्च हे नफ्यात परत मिळवणं ठीकच. पण मालक स्वतः अर्धा दिवस ग्राहकांकडे दुरुस्तीला जात असेल, तर त्याच्या जागी मॅनेजरही लागतो आणि टेक्निशियनही. बायको किंवा मुलगा बिनपगारी फोन घेत असेल, तर त्या कामाचा पगार नफ्यातून वजा व्हायला हवा. हे विकणारा आपणहून सांगत नाही (का सांगेल?). घसारा (गाड्या-यंत्रांच्या झिजेचा वहीतला खर्च) परत मिळवताना गाड्यांचं वय विचारा. जुन्या व्हॅन पुढच्या वर्षी बदलायच्या असतील, तर तो खर्च या नफ्यात कुठेच दिसत नाही.

साच्यातला रिपोर्ट फसतो तो वार्षिक मेंटेनन्स करारांत, म्हणजे एएमसीत. ग्राहकाने बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, विकणाऱ्याने सगळे त्याच महिन्याच्या विक्रीत धरले आणि तीन महिन्यांनी धंदा तुमच्या नावावर झाला, तर 75 टक्के काळाची सेवा तुम्ही द्यायची आणि पैसे त्याने नेलेले. ही रक्कम देणं म्हणून मांडून किमतीतून वळती करायला सांगा. प्रत्येक कराराची सुरुवात, शेवट आणि उरलेल्या भेटी अशी यादी मागा. एकूण आकड्यावर भागवू नका. विकणाऱ्याने धंद्यात सोडून जायच्या खेळत्या भांडवलाची पातळीही बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरवा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर आगाऊ रकमांनी खातं गुटगुटीत दिसतं.

विक्री दुरुस्ती, नवी जोडणी आणि मेंटेनन्स अशी तोडून, शिवाय टेक्निशियनवार हवी. एकाच माणसाच्या नावावर निम्मं काम निघालं, तर तो राहणार का, हे आधी त्यालाच विचारायला लागेल आणि विकणारा सहसा सही होईपर्यंत भेटू देत नाही. मग किमतीचा काही भाग हप्त्याने आणि तो माणूस टिकण्याच्या अटीवर ठेवा.

रिपोर्टला न दिसणारी बाजूही मोठी आहे. त्याच तक्रारीसाठी फुकट माराव्या लागलेल्या दुसऱ्या फेऱ्या हिशेबात पगार आणि इंधनात विरघळतात. त्यासाठी जॉब कार्ड (प्रत्येक भेटीच्या कामाची नोंद) काढून एकाच पत्त्यावरची 30 दिवसांतली पुनर्भेट स्वतः मोजा. परवाना मालकाच्या वैयक्तिक नावावर आहे का, हे वकिलाचं काम.

विकणाऱ्याने स्वतः करून घेतलेला रिपोर्ट पुढे केला, तर वाचा, पण त्यावर किंमत ठरवू नका. अंतिम प्रतीआधी मसुद्यावर चर्चा आणि आकड्यांची मूळ एक्सेल फाइल, दोन्ही मागा. मालक आणि एक मदतनीस एवढाच पसारा असेल, तर पूर्ण रिपोर्ट महागात जातो. तिथे फक्त बँकेचा ताळा आणि करारांची यादी तपासून घ्या.