मुलांचे जीपीएस घड्याळ : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात नऊ वर्षांचा मुलगा संध्याकाळी देवळाच्या आवारात, मळ्यात किंवा कुळागरातून, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतून, पलीकडच्या वाड्यावर (वस्तीवर) खेळायला जातो आणि त्याच्यासोबत मोठे माणूस नसते. त्याचे हे मोकळे खेळणे बंद होऊ नये, पण गरज पडली तर त्याच्याशी बोलता यावे, एवढ्यासाठी मार्चमध्ये आम्ही सिमकार्ड असलेले घड्याळ घेतले. या किमतीतील बहुतेक घड्याळांची रचना सारखीच असते, म्हणून मी कंपनीविषयी न लिहिता वापराविषयीच लिहिते.

सर्वाधिक उपयोग झाला तो फोन म्हणून. बाजूचे बटण काही सेकंद दाबून धरले की आपण ठरवून दिलेल्या क्रमांकांना एकामागून एक फोन जातो. मे महिन्यात सायकलवरून पडून त्याच्या मित्राचा हात मोडला, तेव्हा त्याने हेच बटण दाबले आणि ‘आई, बेगीन ये, आम्ही ओहोळाच्या साकवापाशी आहोत’ असे सांगितले. त्या वेळी आमच्या फोनवरच्या ॲपमध्ये त्याची जागा दाखवणारा नकाशावरचा ठिपका मात्र पलीकडच्या वाड्यावर होता. आम्ही पोहोचलो ते त्याच्या शब्दांवर.

ठिपका चुकण्याचे कारण समजून घेतले तर घड्याळाकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी, हेही कळते. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचे संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेले असतात. उघड्या मळ्यात घड्याळ काही मीटरपर्यंत अचूक जागा दाखवते, परंतु माड, माडी (सुपारी) आणि फणसाच्या दाट सावलीत, विशेषतः पाने पावसाने भिजलेली असताना, संदेश आणखी अडतात. मग घड्याळ मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधते आणि गावात टॉवर विरळ असल्यामुळे तो अंदाज शेकडो मीटरनी चुकू शकतो. आमच्या ॲपमध्ये ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ दिसते. ते मोठे असेल तर मूल त्या वर्तुळात कुठेही असू शकते, हे घरातल्या आजी-आजोबांनाही आवर्जून समजावून सांगावे लागले. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळ काही मिनिटांच्या अंतराने जागा कळवते, त्यामुळे आखून दिलेली हद्द मूल ओलांडून गेल्यावर सूचना येते. हे अंतर कमी केले की संध्याकाळी, म्हणजे नेमक्या खेळायच्या वेळी, चार्जिंग संपत आलेले असते.

पाण्याच्या बाबतीत तर या घड्याळावर अजिबात विसंबू नये. आमच्या भागात वापरात नसलेल्या चिरेखाणी (जांभ्या दगडाच्या खाणी) पावसाळ्यात काठोकाठ भरतात आणि त्यांच्या उभ्या कापलेल्या कडांना धरायला काहीच नसते. खोक्यावरील ‘आयपी 67’ याचा अर्थ एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास घड्याळ टिकेल, एवढाच आहे. पाण्याखाली गेल्यावर जीपीएस आणि मोबाइल, दोन्हींचा संपर्क तुटतो. त्यामुळे खाणीकडे जायचे नाही हा नियम आम्ही घड्याळ आल्यावर तसूभरही सैल केला नाही आणि त्याचे पोहण्याचे शिक्षणही चालू ठेवले. ‘आता निश्चिंत राहा’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी ही मर्यादा ठळक अक्षरांत छापली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अशा अनेक घड्याळांत मुलाच्या नकळत आजूबाजूचे बोलणे ऐकण्याची सोय असते. जर्मनीने 2017 मध्ये अशी सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने काही घड्याळांचा ताबा परक्या माणसाला घेता येतो, हे दाखवून दिले. आम्ही ती सोय पहिल्याच दिवशी बंद केली आणि नकाशावर तो कुठे दिसतो, हे मुलालाही दाखवले. आपल्यावर लपून पाळत ठेवली जाते असे वाटले, तर मूल घड्याळ घरीच विसरू लागेल.

देखभालीत त्रास झाला तो घामाचा. मागच्या बाजूच्या चार्जिंगच्या बारीक पिनांवर हिरवट थर चढू लागला आणि चार्जर लावूनही चार्जिंग होईना. आता रोज रात्री मऊ कोरड्या कापडाने पिना पुसतो. पट्ट्याखाली घामोळे येते, म्हणून घरी आल्यावर घड्याळ काढून ठेवतो. स्वस्त घड्याळांपैकी काही केवळ 2जीवर चालतात आणि त्यांत जिओचे सिम चालत नाही, तेव्हा घेण्यापूर्वी 4जी असल्याची खात्री करावी आणि मूल जिथे खेळते तिथे आपल्या सिमला नेटवर्क मिळते का, तेही पाहावे. एअरटॅगचाही, म्हणजे वस्तू कुठे आहे ते कळवणाऱ्या ॲपलच्या छोट्या चकतीचाही, आम्ही विचार केला होता. त्यावरून बोलता येत नाही आणि तो जवळपासच्या ॲपल फोनच्या आधाराने जागा कळवतो. कुळागरात असे फोन कुठून असणार?

एक गोष्ट सुरुवातीलाच करून घ्यावी. यादीत नसलेल्या क्रमांकांचे फोन घड्याळ घेत नाही. ही सोय चांगलीच आहे, पण त्यामुळे वाड्यावरच्या माणसांनाही मुलाशी बोलता येत नव्हते. म्हणून देवळाशेजारचे दुकानदार आणि त्याच्या दोन मित्रांच्या घरचे क्रमांक आम्ही त्यांना विचारून यादीत घातले आहेत.