मोहर्लीजवळचे जंगल रिसॉर्ट: जमीन, हवा आणि झाडे यांविषयीचा अभिप्राय

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वरोऱ्याहून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली बाजूला गेलो आणि बफर क्षेत्रालगतच्या एका लहान रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहिलो. वाघ दिसणे न दिसणे हे रिसॉर्टच्या हातात नसते, म्हणून त्यावरून गुण देणे मला योग्य वाटत नाही. इमारत कोणत्या दगडात बांधली, उन्हाळ्याची हवा कशी हाताळली आणि आवारात कोणती झाडे राखली हे मात्र पूर्णपणे मालकाच्या हातात असते, आणि हा अभिप्राय तेवढ्यापुरताच आहे.

जागेची निवड उत्तम आहे. वरोरा-भद्रावतीकडील कापूस-सोयाबीनची काळी जमीन मागे पडली की रस्त्याच्या कडेची माती हळूहळू पिवळसर, मग तांबूस आणि रेताड होत जाते, इरई धरणाचे पाणी झाडांतून अधूनमधून दिसू लागते, आणि सागाचे जंगल कधी सुरू झाले हे कळतही नाही. चंद्रपूरहून हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. इरईच्या याच पाण्यावर चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र चालते, त्यामुळे जंगल आणि उद्योग इथे एकमेकांना किती खेटून आहेत हे रात्री गच्चीवर उभे राहिल्यास दक्षिणेकडच्या उजळलेल्या आकाशावरून लक्षात येते.

मला सर्वांत जास्त आवडले ते खोल्यांचे जोते. ते स्थानिक वालुकाश्माचे आहे आणि त्यावर गिलावा किंवा रंग चढवलेला नाही. दगडावरून बोट फिरवले की रेतीचे कण बोटाला लागतात. जवळून पाहिल्यास त्यात वीतभर जाडीचे तिरपे थर दिसतात आणि एका थराचा उतार वरच्या थराने मध्येच कापलेला असतो. वाहत्या पाण्याने रेतीचे दांडे रचले, मोडले आणि पुन्हा रचले, त्याची ही खूण आहे. तांबडा रंग लोहाचा. हे गोंडवाना समूहातील खडक असून त्यांतील कोळशाचे थर २५ कोटी वर्षांहून जुने आहेत. दुर्गापूर-पद्मापूरच्या खुल्या खाणींत तोच कोळसा निघतो. आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून भूवैज्ञानिकांनी या खडकांना नाव दिले, आणि पुढे ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी ते दक्षिणेकडील एका संपूर्ण प्राचीन खंडाला लावले. जिभेच्या आकाराच्या पानांच्या ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीचे अवशेष आपल्या कोळशाच्या थरांतही सापडतात आणि दक्षिण आफ्रिकेतील कारू खडकांतही. एवढी मोठी गोष्ट ज्या जोत्यात बसलेली आहे, त्याच्याजवळ रिसॉर्टने चार ओळींचा फलक लावायला हवा होता.

हवेविषयी मोकळेपणाने सांगायचे तर मे महिन्यात दुपार घराबाहेर काढण्यासारखी नसते. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. तरीही आमच्या खोलीत एसी नव्हता आणि त्याची उणीव भासली नाही, कारण जाड भिंती, खोल ओसरी आणि खसाच्या ताट्यांचा मोठा कूलर यांची सांगड नीट घातलेली आहे. हवा कोरडी असते तोवर ताट्यांतले पाणी झपाट्याने उडते आणि खोली गार होते. पावसाळ्यात हवेतच ओलावा असल्याने हाच कूलर निरुपयोगी ठरतो, याची नोंद जून-जुलैत जाणाऱ्यांनी घ्यावी. या भागातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते. झाडे पाहायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ मी सुचवेन, पण पानझडी जंगलाचा सांगाडा मेमध्येच दिसतो आणि त्यालाही स्वतःचे सौंदर्य असते.

आवाराचा मागचा भाग मालकाने जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि त्यांच्या पायाशी बांबूची बेटे असे दक्षिणेकडील शुष्क पानझडी वनाचे चित्र तिथे पाच मिनिटांच्या चालण्यात पाहायला मिळते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि जाड असते, म्हणून वणव्याची झळ तो सोसतो. थोड्या चढावर, खडक उघडा पडला आहे तिथे, कुलूचे एक निष्पर्ण झाड आहे. त्याची पांढरट साल कागदासारखी सुटते आणि संध्याकाळच्या उजेडात ते दुरूनही ओळखू येते. सकाळी आम्हाला फिरवणारा मुलगा जवळच्याच गावचा होता. कुंपणाच्या खांबांकडे बोट दाखवून तो म्हणाला, “काकाजी, हे गराडी हाय. हिच्या पाल्याले ढोरं तोंड नाही लावत, अन् लाकूड लय टिकते.” अशा मुलांना कामावर घेणे ही या ठिकाणाची खरी श्रीमंती आहे. जेवणही साधे आणि चांगले होते. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी अवश्य मागावी.

पुढचा भाग पाहून मात्र वाईट वाटले. तिथे हिरवळ लावली आहे, तिच्या कडेने बाहेरून आणलेले शोभेचे ताड आहेत, आणि भर दुपारी तिच्यावर बोअरचे पाणी फवारले जात होते. शेजारच्या गावातील विहिरी ज्या महिन्यात तळाला जातात, त्या महिन्यात हे पटत नाही. तिथेच बहावा किंवा पळस लावला असता तर एका थेंबाशिवाय मेमध्ये पिवळे घोस आणि मार्चमध्ये केशरी फुले मिळाली असती.

दुसरी तक्रार नावाच्या पाट्यांची आहे. पाट्या असणे चांगलेच, पण त्या लोखंडी खिळ्यांनी खोडांत ठोकलेल्या आहेत. बिजाच्या झाडावरील पाटी मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. खिळ्याच्या भोवतीने लाल डिंक ओघळून पाटीवर उतरला होता आणि वाळून काळपट झाला होता, त्यामुळे ‘बिजा’ या नावातले पहिले अक्षर झाकले गेले होते. निघताना व्यवस्थापकांना मी ते प्रत्यक्ष दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पाट्या जमिनीत रोवलेल्या खुंटांवर बसवण्याचे मान्य केले. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहोत. तुम्ही जाणार असाल तर मागच्या बाजूची, कुलूच्या झाडाकडे तोंड असलेली खोली मागून घ्यावी.