लाइफ कोचिंग: वर्षभराच्या वापरानंतर

कोचिंग सुरू करून वर्ष होत आलं. नवऱ्याच्या मते हे पैसे मोजून गप्पा मारणं. गुहागरला आमचा छोटा होमस्टे आहे आणि एका सेशनची फी म्हणजे पावसाळ्यात एका खोलीचं एका रात्रीचं भाडं, त्यामुळे डोक्यात हिशोब माझ्याही चालूच असतो.

मी गेले ते गणपतीपायी. मुंबई-ठाण्याची मंडळी चतुर्थीच्या आधी उतरणार, घर भरणार, मोदक, नैवेद्य, आरतीला आलेल्यांचा चहा, आणि सगळं गावात राहणाऱ्या सुनेच्या अंगावर. थोरल्या जाऊबाईंशी, म्हणजे माझ्या वहिनींशी, बोलणं 'हो-नाही'वर आलं होतं. विसर्जन झालं तरी मी दिवाळीपर्यंत धुमसत असायचे आणि त्याची झळ नवऱ्याला नि लेकीला.

कोच पुण्याच्या. पंधरवड्याला एकदा व्हिडिओ कॉल. त्या सल्ला देत नाहीत, हे पचायला वेळ लागला. मी गाऱ्हाणं घातलं की विचारायच्या, "यातलं घडलं किती आणि तुम्ही धरून चाललात किती?" वहिनी दुपारी आडव्या झाल्या, हे घडलं. त्या मला मोलकरीण समजतात, हे मी धरून चालले. मग पुढचे प्रश्न: काय हवंय, आज काय आहे, मार्ग कोणते, त्यातलं कधी काय करणार. कोचिंगवाले याला 'ग्रो' पद्धत म्हणतात. ऐकायला शाळकरी वाटतं, पण मेख त्या 'कधी'त आहे. पुढच्या कॉलला पहिला प्रश्न तोच असतो आणि सबबी चालत नाहीत.

यंदा गणपतीच्या महिनाभर आधी मी वहिनींना फोन केला. "वहिनी, पंचमीची ऋषीची भाजी यंदा तुमच्याकडे. अळू, माठ, शिराळी, कणसं मी आणून ठेवते. निवडणं-चिरणं आणि फोडणी तुमची." हे वाक्य आधी कोचपुढे म्हणून पाहिलं होतं. पहिल्या खेपेला त्यात 'निदान एवढं तरी' होतं, ते दोघींनी मिळून काढलं. वहिनी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "तुझ्या स्वयंपाकघरात हात घातलेला तुला खपत नाही असं वाटायचं मला." भाजीत मीठ कमी पडलं, पण पंचमीला मी पहिल्यांदा पंगतीत बसून जेवले. घरातले सगळेच काही बदलले नाहीत. आत्येसासूबाई होत्या तशाच आहेत.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. सुरुवातीला आयुष्याचं चाक नावाचा कागद भरायला दिला, त्यात करिअर, आरोग्य, मौजमजा असे कप्पे. ऐन मे महिन्यात, खोल्या फुल्ल असताना, मौजमजेला दहापैकी किती गुण? मी शून्य लिहून पाठवला. पुढे त्यांनीच तो कागद गुंडाळला. घराच्या सातबाऱ्यावरच्या नावांचा घोळ तर कोचिंगने सुटणारच नव्हता. त्याला वकीलच लागतो.

सासूबाईंचं मात्र वेगळं होतं. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, तासन् तास पडवीत बसून. हे कानावर घालताच कोच म्हणाल्या, "हे माझं काम नाही, डॉक्टरांना दाखवा." त्याच दिवशी त्यांच्यावर माझा विश्वास बसला. आईंना आता मनोविकारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत. कुणाला लगेच बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात.

कोच निवडताना जपून. आपल्याकडे या धंद्याला सरकारी परवाना लागत नाही, उद्या मीही पाटी लावू शकते. आधी मी एका फुकट वेबिनारला बसले होते, तिथे 'आजच भरा' म्हणून मोठ्या पॅकेजचा तगादा लागला. सरळ विचारा, प्रशिक्षण कुठलं, अनुभव किती तासांचा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला, एसीसीला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. पुढच्या पीसीसीला अनुभव ५०० तासांचा.

आता मी महिन्यातून एकदाच सेशन घेते. पावसात वेळ सकाळची मागून घ्या. संध्याकाळी आमच्याकडे वीज गेली की रेंजही जाते, आणि फी परत मिळत नाही.