हलक्या प्लायचे हॉर्न बॉक्स : माघी गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आधी वजन सांगतो, कारण सगळा उद्योग त्यासाठीच केला. आमच्या भजनी मंडळाचे जुने १५ इंची स्पीकरचे बॉक्स १८ मिमी एमडीएफचे (भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे), एकेक ३६ किलोचा. चाळ लालबागची, मंडळाची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, संपवून रात्री परत आलो की बॉक्स वर चढवायच्या वेळेलाच निम्म्या टाळकऱ्यांना फोन यायचे. नवा बेस बॉक्स २६ किलोचा आहे. असे दोन मी स्वतः बनवले आणि माघी गणपतीपासून ते चालू आहेत.

बनवत होतो तेव्हा बुवा गॅलरीत येऊन म्हणाले, "ह्यो भोंगो कित्याक बांधतंस रे?" थट्टेत म्हणाले, पण बरोबर म्हणाले. देवळावरचा भोंगा, तुतारी आणि हा बॉक्स यांचं तत्त्व एकच. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, छोटा, बाहेरची हवा अफाट. नुसता कोन हलला तर बरीचशी ताकद फुकट जाते. त्याच्यापुढे हळूहळू रुंद होत जाणारी वाट, म्हणजेच हॉर्न, ठेवली की कोनाची पकड हवेवर बसते. चाळीत खालच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हात धरतो, तसंच. फक्त बेसच्या लाटा लांब असतात. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटरची, म्हणून तिच्या पाव लांबीची वाट धरली तरी पावणेदोन मीटर होते. ती सरळ ठेवली तर खोलीत आम्ही बसायचं कुठे? म्हणून ती बॉक्सच्या आत दुमडायची.

बिल फिट्झमॉरिस या डिझायनरची पद्धत मला पटली. तो जाड लाकडाच्या मागे लागत नाही. अर्धा इंच प्लाय, आतून आधार आणि पॉलियुरेथेन गोंद, एवढ्यावर भागवतो. दुमडलेल्या हॉर्नच्या आतल्या फळ्या आपोआप आधाराचं काम करतात, त्यामुळे बाहेरची भिंत १२ मिमीची असली तरी थरथरत नाही. मापं मी डेव्हिड मॅकबीनच्या हॉर्नरेस्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घातली, महिनाभर खेळलो आणि अडीच फूट उंच, दोन फूट खोल, १६ इंच रुंद यावर थांबलो. आत १२ इंची स्पीकर. एका बॉक्सला आठ बाय चारची जवळजवळ अख्खी शीट लागते. मी मरीन प्लाय घेतला, आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून. तो साध्यापेक्षा थोडा जड आणि बराच महाग, पण मुंबईत जूनमध्ये साध्या प्लायच्या कडा फुगलेल्या मी पाहिल्या आहेत.

कापायचं काम स्वतः करायला जाऊ नका. मी पहिल्या बॉक्सच्या तिरक्या फळ्या घरी कापल्या आणि गुण्या लावल्यावर एकही कोन जुळेना. दुसऱ्याच्या फळ्या ओळखीच्या सुताराने तासाभरात कापून दिल्या. पॉलियुरेथेन गोंद हवेतली ओल घेऊन घट्ट होतो, तेव्हा त्याला आपल्याकडे कसली कमतरता नाही. तो फेसाळून छोट्या फटी भरतो, हा फायदा. हातमोजे घातले नाहीत तर आठवडाभर बोटं काळपट राहतात. ऑफिसात मला विचारलं, गॅरेज टाकलंस का?

आता आवाज. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावतात, तिच्यातून येणारा घुमारा जुन्या बॉक्समधून नुसता भदभद यायचा. नव्यात तो पोटाला लागतो आणि थाप कुठे संपली तेही कळतं. ॲम्प तोच, नॉब त्याच जागी, दहा पावलांवर मोबाइलच्या मीटरवर सात-आठ डेसिबल जास्त दिसले. मोबाइलच्या मीटरवर भरवसा किती ठेवायचा हा प्रश्न आहे, पण दोन्ही वेळा मोबाइल तोच होता. तीन डेसिबल वाढवायला ॲम्पची ताकद दुप्पट लागते हे लक्षात घेतलं तर हा फरक लहान नाही. ॲम्प आता उन्हाळ्यातही गरम होत नाही.

तरी एकटा बॉक्स मोकळ्या मैदानात ठेवला तर निराशा होते. तोंड लहान असल्यामुळे खालचे सूर पातळ वाटतात. दोन्ही एकमेकांना चिकटवून ठेवले की चित्र पालटतं, आणि भिंतीच्या कोपऱ्यात सरकवले की आणखी. अमेरिकन स्पीकर डिझायनर पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या भिंतींनाच हॉर्नचा शेवटचा भाग बनवलं, ते याच कारणाने. स्टेजच्या दोन बाजूंना एकेक बॉक्स शोभेसाठी मांडायचा आग्रह आयोजक धरतात. मी आता ऐकत नाही, दोन्ही मधोमध स्टेजखाली ठेवतो.

एक गोष्ट मला दोन महिने कळलीच नाही. पखवाजाची थाप किंचित फुटल्यासारखी ऐकू यायची, जणू दोघे वाजवताहेत. बेसचा आवाज आतली १.७ मीटरची वाट फिरून बाहेर पडतो, म्हणजे टॉपपेक्षा (वरचे सूर वाजवणाऱ्या बॉक्सपेक्षा) पाच मिलिसेकंद उशिरा. खालचे आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हर यंत्रात टॉपला तेवढा उशीर दिला आणि थाप एक झाली. टॉपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १० इंची स्पीकर, तयार प्लास्टिकचा हॉर्न, १४ किलो, काम चोख.

चुका दोन, दोन्ही माझ्याच. पहिली : आतल्या एका फळीला गोंद कमी पडला होता. ६० हर्ट्झच्या आसपास बॉक्स माशीसारखा गुणगुणायचा. बॉक्स बंद झाल्यावर आत हात जात नाही, म्हणून टोन लावून, भिंतीला कान लावून जागा शोधली, भोक पाडलं, इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद सोडला आणि वर लाकडी खुंटी ठोकली. आता शेवटची फळी बसवण्याआधी प्रत्येक सांध्यावर बॅटरी मारून बघतो.

दुसरी चूक महाग पडली. चाळीच्या सत्यनारायणाला केबल खराब निघाली म्हणून मी क्रॉसओव्हर काढून बेस सरळ ॲम्पला जोडला. पूजेनंतर मुलांनी मोबाइलवरून डीजेची गाणी लावली. हॉर्न ठरावीक सुराच्या खाली कोनाला आवरत नाही. तिथे कोन मोकाट सुटतो. टक-टक ऐकू येईपर्यंत स्पीकरची कॉइल जळून गेली होती. आता ४५ हर्ट्झच्या खालचं सगळं कापलेलं असतं, आणि जादा केबल पखवाजाच्या खोळीत असते.

पावसाळ्याचा हिशेब : पहिल्या बॉक्सवर काळं कार्पेट चिकटवलं होतं. जुलैत त्याला कुबट वास यायला लागला, बुवांनी उदबत्त्या वाढवल्या. शेवटी खरवडून काढलं आणि दुसऱ्यासारखाच खरखरीत रंग मारला. रंग ओरखडतो, पण पुसता येतो.

आवाज वाढला म्हणून नियम बदलत नाहीत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सरकारने ठरवून दिलेले मोजके दिवसच बारापर्यंत मुभा. टॉपचा हॉर्न श्रोत्यांकडे वळवला तर समोरच्या इमारतीला त्रास कमी होतो. बेस मात्र कुणाचं ऐकत नाही, चहूकडे जातो. पोलीस येण्याआधी समोरच्या काकूच येतात.

लाकूडकाम, गोंद, जाळी, हँडल, स्पीकॉन (केबल जोडायचं सॉकेट) मिळून दोन बॉक्सना साधारण १२,००० रुपये लागले, स्पीकर वेगळे. स्वस्त म्हणून कुणी करणार असेल तर करू नये, वेळेचा हिशेब मी मांडलेलाच नाही. लोकलच्या मालडब्यात दोन माणसांत दोन बॉक्स जातात, पूर्वी टेम्पोच लागायचा.

राहिला जिना. वजन कमी झालं, आकार वाढला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बॉक्स दर वेळी अडकतो. पुढचा माणूस कठड्यावर वाकतो, मागचा बॉक्स डोक्यावर घेतो आणि वरून कुणीतरी "डावीकडे, डावीकडे" ओरडतं. दिवाळीनंतर तिसरा करायला घेणार आहे. या वेळी सॉफ्टवेअर उघडण्याआधी टेप घेऊन वळणावर जाऊन आलो. कठड्यापासून भिंतीपर्यंत २६ इंच.