लघवीवर ताबा राहत नसेल तर: सोनोग्राफी की युरोडायनॅमिक तपासणी?

खोकताना लघवी गळते, डॉक्टरांनी दोन तपासण्यांची नावे सांगितली आहेत, तर आधी कोणती करावी, असे परिचयातल्या एका मावशींनी विचारले. लाजेपोटी हा त्रास वर्षानुवर्षे लपवणाऱ्या अनेकींना हाच प्रश्न पडत असणार.

सोनोग्राफीत नळी घालावी लागत नाही, वेदना होत नाहीत आणि खर्चही बराच कमी येतो. लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात किती लघवी उरली हे ती लगेच दाखवते: ५० मिलिलिटरपेक्षा कमी उरणे समाधानकारक, तर २०० पेक्षा अधिक उरणे म्हणजे मूत्राशय नीट रिकामे होत नसल्याची खूण. खडा किंवा गाठही दिसू शकते. मात्र मूत्राशयातला दाब तिला मोजता येत नाही.

युरोडायनॅमिक तपासणीत मूत्राशयात आणि बहुधा गुदाशयात बारीक नळ्या घालून, मूत्राशय सलाइनने हळूहळू भरत दाब नोंदवतात. त्यामुळे स्नायू अवेळी आकुंचन पावतो का, हे समजते. संकोच, नंतरची जळजळ आणि जंतुसंसर्गाची थोडी शक्यता ही तिची किंमत आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, केवळ खोकताना-शिंकताना गळती होणाऱ्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी केल्याने अधिक लाभ झाला नाही.

म्हणून मावशींसारख्या साध्या तक्रारीत शारीरिक तपासणी, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी पुरेशी वाटते. आधी शस्त्रक्रिया झाली असेल, मज्जातंतूंचा आजार असेल किंवा उपचार निष्फळ ठरले असतील, तर युरोडायनॅमिक तपासणी टाळू नये.